बाईंचा कीबोर्ड

बाई, मी वडनेरच्या शाळेच्या ऑफिसात बसले आहे आणि समोरच्या पडद्यावरची निळी पट्टी बराच वेळ झाला एकाच जागी अडून आहे. मराठी टायपिंगचं तेच सॉफ्टवेअर, तुमच्या देवळीच्या क्लासात होतं त्याचंच नवं रूप. मी आता हेच काम करते. खांद्याला पिशवी, पिशवीत सीड्या, आणि हिंगणघाट, पुलगाव, आर्वी अशा एसट्या बदलत ऑफिसा-ऑफिसात जाऊन जुनं काढायचं, नवं बसवायचं. एका जागी टिकत नाही म्हणून तुम्ही मला बोलत होत्या, तर नशिबानं कामच असं दिलं की टिकायची गरज नाही. वडनेरला आले म्हणजे खरं तर आधी घरी जायला पाहिजे. आमची वांग्याची वाडी शाळेच्या मागच्या रस्त्यालाच आहे, मायनं भरीत करून ठेवलं असेल. पण पट्टी सरकल्याशिवाय उठता येत नाही, आणि नुसतं बसणं मला कधी जमलं? म्हणून इन्स्टॉलेशनच्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर तुम्हाला लिहायला घेतलं.

इथले क्लार्क दर दोन मिनिटांनी डोकावतात. आत्ताच आले होते.

“मॅडम, हे झोपलं का?”

“झोपलं नाई, वाट पाहून राह्यलं.”

“कोणाची?”

“तुमचीच. तुम्ही ते कीबोर्डचं मॅनेजर बंद केलं म्हणाले ना?”

“केलं तं. तो चौकोन दाबला, गायब झालं.”

“गायब झालं, गेलं नाई. ते पाहा तिकडं, घड्याळाच्या बाजूले ‘अ’ दिसते का? तिथं जाऊन बसलं.”

“अरे बाप. आमच्या साळ्यासारखंच आहे म्हणजे. दरवाज्यातून घालवलं की मागच्या आंगणात सापडते.”

मी त्या ‘अ’ला पूर्ण बंद केलं आणि पट्टी हलली. क्लार्क खूश होऊन चहा सांगायला गेले. मला मात्र तुमची बाज आठवली. क्लासात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा मी विचारलं होतं, अपडेटच्या आधी हे छोटं मॅनेजर काऊन बंद करा लागते? तुम्ही म्हणाल्या होत्या, “बाजीवर कोणी बसून असलं तं सुतळी बदलता येते का? आधी बसणाऱ्याले उठव, मंग बाज विणजो.” मी इतक्या गावांत, इतक्या ऑफिसांत हेच वाक्य सांगितलं आहे. कधी तुमचं नाव घेतलं नाही. आमच्या बाई म्हणायच्या, इतकंही नाही.

मी तुमच्याकडे आले ती शिकायला नव्हेच. बारावीत गटांगळी खाल्ली, मग शिवणकाम, मग एका बियाण्याच्या गाडीवर माइकवरून घोषणा करायचं काम, तेही सोडलं. बाबा म्हणाले, ताईकडे देवळीला जाऊन राहा, टायपिंगची परीक्षा दे, कुठं तरी चिकटशील. चिकटणं हा शब्द मला तेव्हाही आवडायचा नाही. पण तुमच्या क्लासाच्या पायरीवर पहिल्या दिवशी उभी राहिले आणि आतून दहा मशिनींचा आवाज आला, तो मात्र आवडला. महिन्याभरातच मी शिकणारी कमी आणि शिकवणारी जास्त झाले, कारण मला रिबिनी बदलता येत होत्या, अडकलेल्या दांड्या सोडवता येत होत्या. शिकवता शिकवता खिडकीबाहेर पाहायची सवयही होती. “नजर कागदावर ठेव वं,” तुम्ही म्हणायच्या, “बाहेरचं लोक घरी नेत नाईत, तिथंच राहते.”

तुमचा उजवा हात मी पहिल्या आठवड्यात पाहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळच राहायचं, वाकायचं नाही. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात सापडलेला हात. इतरांना टायपिंग शिकवणारी बाई स्वतः स्पीडच्या परीक्षेत तीनदा नापास झालेली होती हे साऱ्या देवळीला ठाऊक होतं, आणि तुम्ही ते कधी लपवलं नाही. तरी देणंघेणं सगळं त्याच हातानं करायच्या. कोणी डाव्या हातानं वही पुढे केली की तुम्ही घ्यायच्याच नाहीत. “उजव्या हातानं दे. मी देते, तं तुले काय झालं?”

मग तो कॉम्प्युटर आला. आणि त्यातल्या मॅनेजरमध्ये तुम्हाला ती सोय सापडली, कोणत्या बटणावर कोणतं अक्षर पाहिजे ते आपल्या मनानं ठरवायची. टायपरायटरच्या मशिनीत अक्षर लोखंडाचं. ते जिथं आहे तिथं बोटानं जायचं. इथं अक्षरच उठून बोटापाशी येत होतं. तुम्ही घाई केली नाही. एक अक्षर हलवायचं, आठवडाभर टाइप करून पाहायचं, जमलं तर ठेवायचं, नाही तर परत. करंगळीखालची सगळी अक्षरं हळूहळू डाव्या हाताकडे आली, मात्रा वेलांट्या अंगठ्याजवळ आल्या. एका उन्हाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते चाललं. आणि एक दिवस तुम्ही लग्नाची पत्रिका कम्पोज करत बसल्या होत्या, मी मागे उभी होते, आणि मला जाणवलं की खोलीतल्या सगळ्या पोरींनी आपल्या मशिनी थांबवल्या आहेत. इतक्या जोरात बटणं वाजत होती. तुम्ही मागे वळून पाहिलं. “काऊन वं, सगळ्या जणी मेल्या का?” म्हणाल्या, पण कान लाल झाले होते तुमचे. त्यानंतर पुलगावहूनही पत्रिका तुमच्याकडे यायला लागल्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका यायला लागल्या. तुम्ही त्या मॅनेजरच्या पडद्याला ‘माहा कीबोर्ड’ म्हणायच्या. दुसऱ्या कोणाला त्यावर एक ओळ टाइप करता येत नसे. ‘क’ दाबावं तर ‘ह’ यायचा.

नवी सीडी टपालानं आली ती पोळ्याच्या आधी. तुम्ही ती कपाटात ठेवली आणि मला बजावलं. अजून शब्द न् शब्द ऐकू येतो. “आधी माहा कीबोर्ड कागदावर उतरवून घेजो. एकेक बटण, एकेक अक्षर. शिफ्टचं बी. पुरा झाला की मले दाखवजो, मंग सीडी टाकजो. मधात काही करजो नको.” मी मान हलवली. किती सोपं काम, बाई. चार ओळी बटणांच्या, प्रत्येक बटणाची दोन अक्षरं. एक कागद आणि अर्धा तास.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आदल्या संध्याकाळी ताईची नणंद सांगत होती, सिंदीला पोरांचे लाकडी बैल निघतात, काही तर घराएवढे, चाकांवर, अख्खा बाजार भरतो, तू पाह्यला नाई? मी पाहिला नव्हता. आता माझं असं आहे की एकदा कोणी ‘तू पाह्यला नाई’ म्हटलं की मला तिथं गेल्याशिवाय चैन पडत नाही. देवळीहून बसनं वर्धा, वर्ध्याहून पॅसेंजरनं सिंदी. बस गाठायची तर अकराच्या आत स्टँडवर पाहिजे. आणि तुम्हाला मी आदल्या दिवशीच सांगून बसले होते की सकाळी अपडेट करून देते.

क्लास तुमच्या घराच्याच पुढच्या खोलीत, पण तुम्ही घरात नव्हत्या. मी मशीन लावली, मॅनेजर उघडलं, कागद घेतला. पहिली ओळ उतरवली. दुसरी उतरवली. रस्त्यावरून पोरं लाकडी बैल ओढत जात होती, चाकांची खडखड, कोणाच्या तरी बैलाचं शिंग मोडलं म्हणून भोकाड. मी दाराशी जाऊन आले. घड्याळ पाहिलं. बाकीच्या दोन ओळी आल्यावर करू, अशी मनाची समजूत काढली आणि सीडी टाकली. विचारते आहे ते वाचलंही नाही. पुढे, पुढे, पुढे. एका पडद्यावर एक छोटा चौकोन होता, ‘जुन्या सेटिंग्ज कायम ठेवा’, त्यात बरोबरची खूण करायची होती. तो चौकोन मला आज डोळे मिटले तरी दिसतो. त्या दिवशी डोळे उघडे असून दिसला नाही.

पट्टी शंभरवर गेली, मॅनेजर आपोआप पुन्हा उघडलं. कोरं. कंपनीतून आलं तसं. ‘क’च्या जागी ‘क’.

मी मॅनेजर बंद केलं, उघडलं. मशीन बंद केली, चालू केली. काही नाही. तेवढ्यात मागच्या दारानं तुम्ही आत आल्या, कमरेवर पिठाचा डबा.

“झालं का वं?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बाई, सीडी टाकताच आपोआप सुरू झालं, आन् मधातच लाईन गेली. आत्ता आली.”

आपल्याकडे हे काही खोटं बोलणंसुद्धा नव्हतं. निकाल उशिरा लागला, लाईन गेलती. वरण लागलं, लाईन गेलती. विजेवर ढकललं की कोणी पुढे विचारत नसे. तुम्ही पडद्याकडे पाहिलं. 

“कागद केला होता का?”

“नाई बाई. वेळच कुठं भेटला.”

“बरं,” तुम्ही म्हणाल्या.

मला काही तरी करायला पाहिजे होतं म्हणून मी तुमच्या कमरेवरचा डबा घ्यायला पुढे झाले. कवेत घेतला आणि पोटाला ऊब लागली. पीठ गरम होतं, बाई. आत्ता, या क्षणी गिरणीतून निघालेलं. गिरणी गल्लीच्या पलीकडे, आपल्याच तारेवर. तुम्ही तिथं उभ्या राहून दळण करून आणत होत्या तेवढा वेळ मी म्हणत होते की लाईन नव्हती. मी डबा खाली ठेवला. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हे मला तेव्हा बरं वाटलं. दारात तीनचार पोरं बैल घेऊन बोजारा, पोळ्याचा खाऊ, मागायला उभी होती. तुम्ही परातीतून त्यांना करंज्या दिल्या, आणि एक माझ्यासमोर धरली.

“घे. तुह्याजवळ बैल नाई, तरी घे. जाय आता, बस चुकन तुही.”

मी डावा हात पुढे केला.

“उजव्या हातानं घे वं.”

मी डाव्यानंच घेतली आणि पळाले.

सिंदीचे बैल घराएवढे होते की नाही, मला सांगता यायचं नाही. पाहिले. गर्दी होती, धूळ होती, एका बैलाच्या डोळ्यांना काचा लावल्या होत्या एवढं आठवतं. मी दुपारीच परतीच्या गाडीत बसले. जिथं जायला जीव इतका उड्या मारतो तिथं पोचल्यावर काय करायचं ते मला कधीच कळलेलं नाही, पण त्या दिवशीइतकं कधीच नाही.

तिसऱ्या दिवशी वर्ध्याहून सॉफ्टवेअरवाल्यांचा पोरगा आला, शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर खोचलेला. त्यानं मला विचारलं, “अपडेट अर्ध्यात असतानी लाईन गेली, पक्कं?” तुम्ही बाजूला उभ्या होत्या. मी म्हटलं, “पक्कं.” तो म्हणाला, “मंग अर्धंमुर्धं बसलं असन. त्याच्यावर भरवसा नाई. मी सगळं मुळापासून काढून टाकतो, फोल्डरबी उडवतो, आन् ताजं टाकतो.” त्यानं तसं केलं. नीट मन लावून केलं. काही राहायला नको म्हणून दोनदा तपासलं.

आता मी तुम्हाला ते सांगते जे मला पुढे, या पिशवीच्या नोकरीत कळलं. ऐकायला तुम्ही नाही, पण अशी गोष्ट तुम्हाला ऐकायला आवडली असती. इन्स्टॉलर आपल्याला वाटतो तितका आडदांड नसतो. तो जुनं एकदम फेकत नाही. आधी मॅनेजरला उठवतो. मग जुन्या फायली नाव बदलून बाजूला ठेवतो, तिथंच, त्याच फोल्डरात. मग नव्या आणतो. मधात खरोखर लाईन गेली, तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तो पाहतो की काम अर्धं राहिलं, आणि बाजूला ठेवलेलं जुनं होतं तसं परत आणून लावतो. म्हणजे लाईन गेली असती तर तुमचा कीबोर्ड वाचला असता. आणि मी चुकीनं कोरं करून टाकलं, तरीही तो वाचलेलाच होता. हिंगणघाटच्या एका ऑफिसात मी फोल्डर उघडलं आणि पाहिलं, जुन्या सेटिंग्जची फाईल, नावापुढे ‘जुनी’ असं लावून गुपचूप बसलेली. तिचं नाव बदललं की सगळं पूर्ववत. एका मिनिटाचं काम. मी तिथल्या खुर्चीत बसून राहिले, तिथल्या मॅडम विचारत होत्या, काही बिघडलं का? तान्ह्या पोळ्यापासून तिसऱ्या दिवसापर्यंत तुमचा कीबोर्ड त्या मशीनमध्येच होता. त्या पोरानं विचारलं तेव्हा मी ‘लाईन नाही गेली, मी खूण केली नाही’ एवढं म्हणाले असते, तर त्यानं तो काढून दिला असता. त्यानं फोल्डर उडवलं ते माझ्या ‘पक्कं’वर.

त्यानंतर तुम्ही पुन्हा बसवायचा प्रयत्न केला. तो मी पाहिला आणि पाहवला नाही. तुम्ही मॅनेजर उघडून बसायच्या, हात बटणांवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या. “आठवत नाई वं,” म्हणायच्या. “बोटाले मालूम होतं. मले नाई.” डोकं विचारायला लागलं की बोटं विसरायची. आणि पत्रिका, प्रश्नपत्रिका थांबत नव्हत्या, म्हणून रोज कंपनीच्याच मांडणीवर काम करावं लागायचं, त्यात बोटांना होतं तेही गेलं. दिवाळीच्या सुमारास तुम्ही एका पोरीला टायपिंगला बसवलं आणि स्वतः बाजूच्या खुर्चीवर बसून तिला सांगायला लागल्या. पुन्हा एक वर्ष घालवून नवा मांडायचा, असं मी एकदा म्हटलं होतं. तुम्ही हसल्या. “तेवढी हौस एकदाच येते.” मला बोलल्या नाहीत, कधीच. एकदा शब्दानं तरी बोलल्या असत्या तर मी कबूल झाले असते असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. तेही खरं नाही. संक्रांतीच्या आधी मी क्लास सोडला, ताईलाही नीट सांगितलं नाही.

तुम्ही गेल्याचं मला वर्ध्याच्या बसस्टँडवर कळलं, क्लासातली एक जुनी पोरगी भेटली. काखेत लेकरू, हातात उसाच्या रसाचा ग्लास. “तुले मालूम नाई? बाई गेल्या ना, आता दोन पोळे झाले.” मग म्हणाली, “तुह्याबद्दल विचारत. म्हणत, ते पोरगी कुठं टिकली का नाई.” माझी नागपूरची गाडी लागली होती. मी त्या गाडीत चढले. देवळीची गाडी बाजूच्याच फलाटावर उभी होती.

क्लार्क चहा घेऊन आले आहेत. पट्टी शंभरवर गेली, ‘अ’ पुन्हा घड्याळाजवळ येऊन बसला.

“झालं ना मॅडम? आमच्या सरांनी काही बटणं आपल्या हिशेबानं फिरवून ठेवली आहेत, ते राह्यली ना?”

राहिली. त्या चौकोनात मी खूण केली होती, आणि त्याच्याही आधी सगळी मांडणी कागदावर उतरवली होती, चारही ओळी, शिफ्टसुद्धा. क्लार्क म्हणाले होते, एवढं काऊन करता, बाकीचे तं करत नाईत. मी काही तरी सांगून वेळ मारून नेली.

हे पत्र कुठं टाकणार? क्लास आता नाही, तिथं मोबाईलचं दुकान आहे. पिशवीतच राहील, त्या दुसऱ्या कागदाबरोबर. तो तेलकट आहे, बाई. करंजी मी बसमध्ये त्यातच गुंडाळली होती. तुमच्या कीबोर्डच्या वरच्या दोन ओळी, माझ्या अक्षरात, डागाखालूनही वाचता येतात. त्या समोर असत्या तर बाकीच्या दोन तुमच्या बोटांनी शोधल्या असत्या की काय, हे मी रोज कुठल्या तरी एसटीत बसून ठरवत असते आणि ठरत नाही. पण तुम्ही कागद केला का विचारलं, मी नाही म्हटलं, आणि वर तुम्ही करंजी पुढे केली. मला उजवा हात उघडता आला नाही. कागद त्याच मुठीत होता.